‘आम्ही’ म्हणायचं की ‘आपण’?

या महिन्यात आलेल्या पत्रांतली तीन पत्रं घेते आहे. एक न्यू जर्सीहून, एक नांदेडहून आणि एक नागपूरहून आलं आहे. तिघांची एकमेकांशी ओळख नाही, पण प्रश्न एकमेकांना लागून आहेत. पहिल्याच पत्राचं उत्तर लांबलं, कारण त्यातला प्रश्न माझ्या घरातलाही आहे.

पत्र पहिलं

ताई, नमस्कार. आम्ही मूळचे पुण्याचे, बावीस वर्षं एडिसनला आहोत. मुलगी सतरा वर्षांची आहे. कॉलेजच्या अर्जासाठी तिने निबंध लिहिला. त्यात ‘आम्ही ब्राउन लोक’ असं जागोजागी आहे आणि कृष्णवर्णीयांचा लढा तो आपलाही लढा, असंही आहे. तिचे बाबा चिडले. म्हणाले, ‘आपल्याला कुणी गुलाम केलं नव्हतं. आपण शिकून, कष्ट करून वर आलो. दुसऱ्याच्या दुःखात उगाच वाटा कशाला मागायचा?’ ती म्हणाली, ‘रस्त्यात शिवी देणारा आधी तुमची डिग्री विचारतो का?’ आठवडा झाला, दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. अर्जात वंशाच्या रकान्यात आम्ही नेहमी ‘एशियन इंडियन’वर खूण करतो, पण म्हणजे नेमकं काय, ते मला आजवर कळलेलं नाही. आमचा वंश कोणता? आणि माझ्या मुलीला ते ‘आम्ही’ म्हणायचा हक्क आहे का?
एक आई, एडिसन

तुमच्या पत्रातला तो रकाना वाचला आणि २०११ सालचा तिकडचाच एक दिवस आठवला. मी भाच्याकडे तीन महिने राहायला आले होते. जिन्यावरून घसरले, उजवं मनगट सुजलं. दवाखान्यात फॉर्म भरायला दिला. मला लिहिता येत नव्हतं, म्हणून भाचा भरत होता. नाव झालं, जन्मतारीख झाली, मग आला ‘रेस’. त्याने मला न विचारता ‘एशियन इंडियन’वर खूण केली आणि पुढे सरकला. मी म्हटलं, थांब. तो म्हणाला, ‘मावशी, हे नुसतं आकडेवारीसाठी असतं.’

नुसतं आकडेवारीसाठी असतं, हे मला कधीच पटलेलं नाही. १९६१ सालच्या जूनमध्ये वडील मला भुसावळच्या नगरपालिकेच्या शाळेत घालायला घेऊन गेले. ते लोको शेडमध्ये कामाला होते. पाच वर्षांपूर्वी, १४ ऑक्टोबर १९५६ला, नागपूरला जाऊन त्यांनी दीक्षा घेतली होती. गुरुजींनी विचारलं, धर्म? वडील म्हणाले, बौद्ध. गुरुजींनी लिहिलं. मग विचारलं, जात? वडील म्हणाले, बौद्ध. गुरुजी भले गृहस्थ होते. हळू आवाजात म्हणाले, ‘नुसतं बौद्ध लिहिलं तर पुढे पोरीला अडचण येईल.’ ते खरंच होतं. राज्यात सवलती मिळाल्या, पण केंद्राच्या अनुसूचित जातींच्या यादीत बौद्धांना जागा मिळायला १९९० साल उजाडावं लागलं. वडील बराच वेळ गप्प उभे होते. शेवटी दाखल्यावर लागलं ते असं : ‘बौद्ध, पूर्वाश्रमीचे महार’. घरी आल्यावर काय लिहिलं ते त्यांनी आईला सांगितलं नाही. मला ते मॅट्रिकचा फॉर्म भरताना कळलं.

टाकून दिलेलं नाव, आणि त्याच नावावर मिळणारा न्याय. हा गुंता माझ्या दाखल्यावर शाईने लिहिलेला आहे. पुढे एका कॉलेजात एकतीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवलं, त्यात अमेरिकेतल्या वंशविचाराचा पेपर आला की मला वाटायचं, हे तर आमच्याच शाळेच्या रजिस्टरबद्दल चाललं आहे.

आता तुमच्या रकान्याकडे येते. १७९०च्या कायद्याने अमेरिकेचं नागरिकत्व बाहेरून येणाऱ्यांपैकी फक्त ‘स्वतंत्र गोऱ्या माणसा’ला मिळत असे. यादवी युद्धानंतर, १८७० साली, त्यात आफ्रिकी वंशाच्या लोकांची भर पडली. भारतीय माणूस यांतला कुठला? कोर्ट बदललं की उत्तर बदलायचं. अक्षयकुमार मोझुमदार यांना १९१३ साली गोरे म्हणून नागरिकत्व मिळालं आणि १९२३च्या निकालानंतर तेच काढून घेतलं गेलं. माणूस तोच, त्वचा तीच.

तो १९२३चा निकाल भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात लागला. थिंद पंजाबचे शीख, पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या लष्करात होते. त्यांचं म्हणणं, आम्ही आर्य, शास्त्राच्या भाषेत कॉकेशियन, म्हणजे गोरेच. तीनच महिने आधी याच सर्वोच्च न्यायालयाने ताकाओ ओझावा या जपानी माणसाला ‘तुम्ही कॉकेशियन नाही, म्हणून गोरे नाही’ असं सांगून परत पाठवलं होतं. थिंद यांना सांगितलं, कॉकेशियन असाल, पण सामान्य माणूस ज्याला गोरा म्हणतो ते तुम्ही नाही. एकदा शास्त्राचा दाखला मागितला, एकदा तोच फेकून दिला. दोन्ही निकाल लिहिणारे न्यायमूर्ती एकच होते, जॉर्ज सदरलंड.

थिंद यांच्या बाजूने केलेल्या युक्तिवादात एक मुद्दा होता, तो मी दरवर्षी वर्गात मुद्दाम वाचून दाखवायचे. मुद्दा असा, की लग्नसंबंधाच्या बाबतीत वरच्या जातीचा हिंदू इथल्या आदिवासीकडे त्याच नजरेने पाहतो, ज्या नजरेने अमेरिकन गोरा निग्रोकडे पाहतो. म्हणजे आमचा जातीचा सोवळेपणा पाहा आणि आम्हाला तुमच्यातलं समजा. हे वाचलं की वर्गात कुणी काही बोलत नसे. मीही लगेच पुढे जात नसे.

निकालानंतर डझनावारी भारतीयांचं नागरिकत्व काढून घेण्यात आलं. सॅन फ्रान्सिस्कोत दुकान चालवणाऱ्या वैष्णोदास बगाई यांनी १९२८ साली आत्महत्या केली. १९४६ला दार किलकिलं झालं, वर्षाला फक्त शंभर भारतीय. तुम्ही, माझा भाचा, तुमची सगळी मित्रमंडळी ज्या दारातून आत गेलात, ते दार १९६५च्या कायद्याने उघडलं. आणि हा कायदा नागरी हक्कांच्या चळवळीच्या ऐन भरातला. वंश पाहून माणसाला बाहेर ठेवणं ही शरमेची गोष्ट आहे, हे अमेरिकेला ज्यांनी रस्त्यावर उतरून, मार खाऊन, तुरुंगात जाऊन पटवलं ते कृष्णवर्णीय होते. यजमानांना हे सांगा. त्यांच्या कष्टांबद्दल मला काडीचीही शंका नाही. पण त्या दारात उभं राहायची पाळी यावी, यासाठी दुसऱ्या कुणीतरी फार मोठी किंमत मोजली आहे. शिवाय त्या कायद्याने शिक्षण आणि हुन्नर पाहून माणसं निवडली. निवडून आलेल्यांची तुलना तीन शतकं त्याच मातीत गाडून ठेवलेल्यांशी करू नये.

१९७०च्या अमेरिकन जनगणनेत भारतीय ‘गोऱ्यां’त धरले गेले होते. पुढच्या दहा वर्षांत भारतीयांच्याच एका संघटनेने खटपट केली, की आम्हाला वेगळं मोजा, आमच्याशी भेदभाव होतो आणि अल्पसंख्याकांना मिळणारं संरक्षण आम्हाला मिळत नाही. त्याला विरोध करणारे भारतीयही होते. १९८०पासून ‘एशियन इंडियन’ हा रकाना आला. म्हणजे तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं, की तुमचा ‘वंश’ तुमच्या रक्तात कुठेही नाही. १९२३ साली तुम्हाला त्याने बाहेर ठेवलं, १९७०ला गोऱ्यांत बसवलं आणि १९८०ला वेगळा पाट मांडून दिला. दर वेळी रांगेतली तुमची जागा तेवढी ठरवली गेली.

पण ती जागा खोटी नाही. १९८७ साली तुमच्या जवळच, जर्सी सिटीत, ‘डॉटबस्टर्स’ नावाने एक टोळी भारतीयांवर हल्ले करत होती. कपाळावरच्या कुंकवावरून त्यांनी ते नाव घेतलं होतं. मराठी, गुजराती, पंजाबी असा भेद त्यांनी केला नाही. तुमची मुलगी डिग्रीबद्दल जे म्हणाली, ते अगदी बरोबर आहे.

मग ‘आम्ही’ म्हणायचा हक्क? या प्रश्नावर शंभरेक वर्षं मोठी माणसं भांडत आली आहेत. अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांनी १८९७ साली मांडलं, की कृष्णवर्णीयांनी आपला वंश विरघळू देऊ नये, त्यांचा इतिहास एक आहे आणि जगाला द्यायला त्यांच्याजवळ काहीतरी आहे. १९८५ साली घानात वाढलेले तत्त्वज्ञ क्वामे अँथनी अपिया यांनी त्यातली फट दाखवली. इतिहास एक असणारे ते एक वंशाचे, असं म्हणायचं तर कुणाचा इतिहास धरायचा हे आधी ठरवावं लागतं, आणि ते ठरवायला पुन्हा वंशच लागतो. मला हा आक्षेप बिनतोड वाटतो. पण डू बॉइस स्वतःही तिथेच थांबले नव्हते. १९४० साली त्यांनीच सांगितलं, अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात ज्याला वेगळ्या डब्यात बसावं लागतं तो काळा माणूस. रक्ताबिक्ताचं काही नाही, आगगाडीचा डबा! लोको शेडमध्ये काम करणाऱ्याच्या मुलीला ही व्याख्या पहिल्यांदा वाचल्यावर रात्रभर झोप आली नव्हती. आपल्याबद्दल लिहिताना मी तिथे विहीर लिहिते, एवढाच फरक.

अमेरिकन तत्त्वज्ञ टॉमी शेल्बी यांनी २००५ साली हेच सूत्र पुढे नेलं. त्यांचं म्हणणं, अन्यायाविरुद्ध एक व्हायला एक संस्कृती, एक खाणंपिणं, एक संगीत लागत नाही. एकाच अन्यायाच्या तडाख्यात सापडणं आणि तो संपवायची इच्छा असणं, एवढं पातळ नातंही पुरतं.

इथे मला आपली भाषा फार कामाची वाटते. इंग्रजीत एकच ‘वी’ आहे. आपल्याकडे दोन आहेत. ‘आम्ही’ म्हटलं की ऐकणारा बाहेर राहतो, ‘आपण’ म्हटलं की तो आत येतो. तुमच्या मुलीने निबंध इंग्रजीत लिहिला, त्यामुळे तिला हा फरक करावाच लागला नाही. तिला एकदा तो मराठीत सांगून बघायला सांगा. कृष्णवर्णीय मैत्रिणीला ती ‘यावर आपण काहीतरी करू’ म्हणू शकते, अगदी हक्काने. पण ‘आम्ही गुलामगिरी सोसली’, ‘आम्हाला फासावर लटकवलं’ हे ती म्हणू शकत नाही. तिथे तिने ‘तुम्ही’ म्हणायला हवं, आणि ते म्हणून गप्प बसून ऐकायला हवं.

निबंधाबद्दलची तिची धडपड मला समजते. २९ जून २०२३च्या निकालाने तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशात वंशाचा विचार करायला मनाई केली, पण वंशामुळे आपल्या आयुष्यात काय घडलं ते निबंधात लिहायची मुभा ठेवली. त्यामुळे रकान्यातला सगळा भार मुलांच्या निबंधावर येऊन पडला आहे. सतरा वर्षांच्या मुलीला आपलं दुखणं शोधून, घासूनपुसून मांडावं लागतं, हे मला बरं वाटत नाही.

आणखी एक गोष्ट तिच्या कानावर घाला. त्याच २०११च्या मुक्कामात एका मराठी कुटुंबाकडे गणपतीच्या जेवणाला गेले होते. पंगतीत शेजारी बसलेल्या बाई फार आपुलकीने बोलत होत्या. आडनाव विचारलं. माझं आडनाव गावावरून पडलेलं, त्यावरून काही कळत नाही. मग मूळ गाव विचारलं. मग कुलदैवत. मी म्हटलं, आम्ही बौद्ध. बाई वाईट वागल्या नाहीत. पुरणपोळीवर तूपही वाढलं. पण त्यानंतर जेवण संपेपर्यंत त्या माझ्याशी एकच शब्द बोलल्या, ‘थंडी आहे.’ दवाखान्यात माझ्या आणि त्या बाईंच्या नावापुढे एकाच रकान्यात खूण होते. त्या रकान्यात आम्ही दोघी ‘आम्ही ब्राउन’. २०२३च्या फेब्रुवारीत सिएटल शहराने जातीवरून भेदभाव करायला कायद्याने बंदी केली, तेव्हा तिला सगळ्यात मोठा विरोध ‘ब्राउन’ लोकांमधूनच झाला आणि सगळ्यात ठाम पाठिंबाही त्यांच्यातूनच आला.

म्हणून मुलीला विचारा, तुझ्या ‘आम्ही ब्राउन’मध्ये मी कुठे बसते? हे उत्तर तिने निबंधात लिहिलं नाही तरी चालेल. तुमच्या स्वयंपाकघरात लिहिलं तरी पुरे.

पत्र दुसरं

मॅडम, वंश ही जीवशास्त्रातली खरी गोष्ट नाही, असं तुम्हीच मागे लिहिलं होतं. मग जे मुळात खोटं आहे त्याच्यावर न्याय कसा उभा करायचा? फ्रान्समध्ये वंश मोजतच नाहीत. आपणही जात मोजणं सोडलं तर ती हळूहळू संपणार नाही का?
बी.ए. तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी, नांदेड

वंश जीवशास्त्रात नाही, हे विधान मी मागे घेत नाही. जनुकशास्त्रज्ञ रिचर्ड लेवॉन्टिन यांनी १९७२ साली दाखवून दिलं, की माणसामाणसांतल्या जनुकीय फरकांपैकी सुमारे ८५ टक्के फरक एकाच लोकसमूहाच्या आत असतो. जातीबद्दल तर डॉ. बाबासाहेबांनी १९३६ सालीच सांगून ठेवलं आहे, की ही वंशांची विभागणी नव्हे. पंजाबचा ब्राह्मण आणि पंजाबचा चांभार वंशाने एकच आहेत. एकाच वंशाच्या लोकांची ही सामाजिक चिरफाड आहे. तरीही, १९४६ साली त्यांनी डू बॉइस यांना पत्र लिहिलं, की अमेरिकन निग्रोंची आणि अस्पृश्यांची स्थिती इतकी सारखी आहे की तिचा अभ्यास आम्हाला भागच आहे. डू बॉइस यांचं उत्तरही आलं. त्याआधी, १८७३ साली, जोतिराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांची मुक्तता करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. वंश एक नाही हे या माणसांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी जुळवून पाहिली ती स्थिती.

तू नांदेडचा आहेस. तुझ्या आजोळच्या गावी एकदा पायी फेरी मार. गावकूस आता कुठेच उभी नाही. माती खचली, दगड लोकांनी घराला लावले. पण वस्ती अजून तिथेच आहे, जिथे गावकुसाबाहेर ती होती. गावातला पाण्याचा उतार कुठल्या बाजूला आहे, नाल्याचं तोंड कुठे उघडतं, स्मशान कुणाच्या घरामागे येतं, नळाची शेवटची तोटी कुठे आहे, ते बघ. भिंत खोटी होती, कारण पलीकडचा माणूस वेगळा आहे ही तिच्यामागची समजूत खोटी होती. पण सांडपाणी खरं आहे. ते भिंतीने आखलेल्या वाटेनेच वाहतं, आणि भिंत पडल्याचं त्याला कुणी कळवलेलं नाही.

अमेरिकेतली भिंत कागदावर होती. १९३३ साली तिथे सरकारने घरकर्जाच्या सोयीसाठी एक संस्था काढली. पुढच्या काही वर्षांत तिने दोनशेहून जास्त शहरांचे नकाशे तयार केले. वस्त्यांना रंग दिले : हिरवा, निळा, पिवळा, लाल. कृष्णवर्णीय राहतात ती वस्ती जवळपास हमखास लाल. लाल म्हणजे इथे पैसा गुंतवणं धोक्याचं. सरकारची कर्जहमीही तशाच हिशेबाने चालली. १९६८च्या कायद्याने घरांच्या बाबतीतला भेदभाव बंद झाला. पण ज्याच्या आजोबाला १९४० साली कर्ज मिळालं नाही, त्याच्या बापाला घर वारशात मिळालं नाही. आणि तिथे सरकारी शाळांना पैसा बराचसा त्या भागातल्या घरपट्टीतून मिळतो. नातू कोणत्या शाळेत गेला असेल, ते तूच सांग.

आता मोजणं सोडलं तर काय होईल? फ्रान्समध्ये १९७८च्या कायद्याने माणसाच्या वंशाची नोंद करायला, थोडे अपवाद सोडले तर, मनाई आहे. त्यामागचा हेतू मला कळतो. दुसऱ्या महायुद्धात ज्या देशात ज्यूंच्या याद्या करून त्यांना छळछावण्यांकडे पाठवलं गेलं, त्या देशाला याद्यांची भीती वाटणारच. पण तिथे पोलीस रस्त्यात कुणाला जास्त अडवतात, घरमालक कुणाला नाही म्हणतात, हे सिद्ध करायचं म्हटलं की अभ्यासकांना आडवाटा धराव्या लागतात. एकसारखे अर्ज फक्त नाव बदलून पाठवायचे आणि कुणाला उत्तर येतं ते पाहायचं. म्हणजे रकाना सरकारने पुसला, तरी घरमालकाच्या डोक्यातला पुसला गेला नाही.

आपल्याकडे जनगणनेत सगळ्या जातींचे आकडे १९३१नंतर आले नाहीत. अनुसूचित जाती-जमाती तेवढ्या मोजल्या गेल्या. मधल्या इतक्या वर्षांत जात संपली का, ते तुझ्या वर्गातल्या मुलांच्या लग्नपत्रिका सांगतील. आता पुढच्या जनगणनेत जात मोजायचं २०२५ साली केंद्राने ठरवलं आहे.

एक भीती मलाही आहे आणि ती तुझ्यापासून लपवत नाही. मोजता मोजता माणसं रकान्यालाच आपलं घर समजू लागतात. फायदा टिकावा म्हणून जखम टिकवायची ओढ लागते. माझे वडील त्या दिवशी शाळेत गप्प उभे राहिले, ते याच भीतीने, असं मला आता वाटतं. यावर मला सुचतो तो उपाय एवढाच, की मोजणाऱ्याने त्याच कागदावर सांडपाण्याचाही हिशेब ठेवावा. किती मुली बारावीच्या पुढे गेल्या, किती घरांत नळ आला, गटारात उतरून कोण मेलं. हे आकडे सारखे झाले, की रकाना आपोआप निरुपयोगी होईल. ते सारखे होण्याआधी तो पुसायची घाई कुणाला आहे, हे मात्र प्रत्येक वेळी नीट पाहत जा.

पत्र तिसरं

ताई, जयभीम. आमचा महिलांचा छोटा गट आहे. त्यातली एक मुलगी इंग्रजी शाळेत शिकलेली, फ्लॅटमध्ये राहते, लग्न जातीबाहेर केलंय. ती बैठकीत बोलायला लागली की दोघीतिघी म्हणतात, ‘तुला काय माहीत वस्ती?’ मागच्या बैठकीतून ती रडत उठून गेली. खरं सांगायचं तर वसतिगृहातल्या मुलींचा निर्वाह भत्ता सात महिने थकला होता, त्याचा अर्ज तिनेच लिहून दिला, आम्हाला कुणाला तसा जमला नसता. पण बायांचंही अगदीच खोटं आहे असं वाटत नाही. कुणाला आपलं म्हणायचं, याला काही माप आहे का?
कार्यकर्ती, नागपूर

जयभीम. माप आहे, आणि ते आपल्याच लोकांनी लिहून ठेवलं आहे. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. १९७३च्या जाहीरनाम्यात ‘दलित’ कोण, ते सांगितलं : अनुसूचित जाती-जमाती, नवबौद्ध, कामगार, भूमिहीन, गरीब शेतकरी, स्त्रिया आणि राजकारणाने, पैशाने, धर्माच्या नावाने ज्यांची पिळवणूक होते ते सगळे. दोनच वर्षं आधी, १९७१ साली, दक्षिण आफ्रिकेत स्टीव्ह बिको आणि त्यांचे विद्यार्थी साथी ‘काळा’ या शब्दाची व्याख्या करत होते. कायद्याने किंवा रूढीने ज्यांना गट म्हणून खाली दाबलं आहे, आणि जे लढ्यात स्वतःला एक समजतात, ते काळे. आफ्रिकी, मिश्रवंशीय आणि भारतीय, तिघेही त्यात आले. डरबनचे सॅथ्स कूपर आणि स्ट्रिनी मूडली भारतीय वंशाचे होते. ते त्या चळवळीत पुढे होते आणि त्यासाठी तुरुंगात गेले. बिकोंनी हेही स्पष्ट सांगितलं होतं, की नुसत्या त्वचेच्या रंगाने कुणी त्या अर्थाने काळा होत नाही. १९७७ साली पोलिसांच्या कोठडीतल्या मारहाणीनंतर बिको गेले, तेव्हा तीस वर्षांचे होते.

दोन्ही व्याख्यांत सोसणं आहे आणि उभं राहणंही आहे. तुमच्या बायका फक्त सोसण्याचं माप लावताहेत.

आता बायांचं खरं काय, तेही सांगते. १९७६ साली अमेरिकेत पाच कृष्णवर्णीय बायकांनी जनरल मोटर्सवर केलेला दावा कोर्टापुढे आला. कंपनीने १९६४च्या आधी कृष्णवर्णीय बायकांना घेतलंच नव्हतं, आणि कपात आली तेव्हा शेवटी आलेल्यांना आधी काढलं. कोर्ट म्हणालं, कंपनीत बायका आहेत, म्हणजे बाई म्हणून भेदभाव नाही. वंशावरून तक्रार असेल, तर याच कंपनीवर वंशभेदाचा दुसरा दावा आहे, त्यात ती जोडा. कंपनीत आधीपासून होत्या त्या बायका गोऱ्या होत्या. या पाचजणींसाठी वेगळा रकाना करायला कोर्टाने नकार दिला. पुढे १९८९ साली कायद्याच्या अभ्यासक किंबर्ली क्रेनशॉ यांनी याच खटल्यावर बोट ठेवून कायद्याच्या विचाराला नवं वळण दिलं. वस्तीतल्या बाईला जी धास्ती वाटते ती हीच, की ‘दलित स्त्री’ म्हणून व्यासपीठावर फ्लॅटमधलीच बसेल आणि पहाटे चारला नळावर उभी राहणारी पुन्हा कुठल्याच रकान्यात दिसणार नाही. ही धास्ती खरी आहे. तिला मत्सर समजू नका.

म्हणून असं करा. पुढच्या बैठकीत काय मागायचं आणि कुठल्या मागणीला आधी हात घालायचा, ते वस्तीतल्या बायांनी ठरवावं. ते कागदावर कसं उतरवायचं, ते त्या मुलीने. ती मागण्या ठरवायला लागली तर तिला थांबवा. बाया तिचं लग्न काढायला लागल्या तर त्यांनाही थांबवा, तितक्याच जोरात. आणि तिला बोलवायला फोन करू नका, दोघीजणी घरी जा. ज्या ‘तुला काय माहीत’ म्हणाल्या होत्या त्यांच्यातलीच एक बरोबर न्या.

अर्जाची पोच शिक्क्यासह घेतली होती ना? तारीख जपून ठेवा, आणि सात महिन्यांचा भत्ता मुलींच्या खात्यात जमा झाला की मला एका ओळीने कळवा.